काणपाटाची चिठ्ठी

कोशबाईंना रिकामी जागा म्हणून सोसायची नाही. टेबलावर नाही, कपाटात नाही, अन् बोलण्यात तर नाहीच नाही. समोरचा माणूस बोलता बोलता शब्दासाठी अडखळला की या पटकन त्याच्या तोंडात शब्द घालायच्या, आणि तो इतका नेमका असायचा की बिचाऱ्याला रागावताही यायचं नाही. शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना अडतीस वर्षं झाली होती. आधी चिठ्ठ्या लिहिणारी पोरगी, मग सहायक, आणि आता गेली अकरा वर्षं मुख्य संपादक. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. कचेरीत, छापखान्यात, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडेसुद्धा त्या कोशबाईच.

त्या दिवशी सकाळपासून कचेरीत नुसती धांदल होती. कोशाच्या नव्या आवृत्तीची शेवटची पानं संध्याकाळी छापखान्यात जायची होती. प्रुफमामा चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत होते. हे प्रुफमामा म्हणजे मुद्रितं तपासणारे गृहस्थ. घरच्या डब्यावरचं झाकण उघडलं तरी आधी चूक शोधायचे आणि मग जेवायचे. बाई त्यांच्यावर खेकसत होत्या, ते ‘हो हो’ म्हणत होते, असं सगळं नेहमीसारखं सुखात चाललं होतं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, खांद्याला कापडी पिशवी.

“कोशबाई कोण?” तिने विचारलं.

“मीच. या. कुठला शब्द आणलात?” बाई कागदांतून मान वर न काढता म्हणाल्या. लोक यायचेच हो. कोणाला आजीचा एखादा शब्द सापडलेला असायचा, कोणाला आपलं आडनाव कोशात हवं असायचं. मागच्या महिन्यात तर एका आजोबांनी स्वतः बनवलेली नवी शिवी आणली होती.

“आणला नाही. विचारायला आलेय. काणपाट.”

“काणपाट!” बाईंनी पेन खाली ठेवलं. जुन्या शब्दांवर त्यांचा जीव होता. “किती वर्षांनी ऐकला. बसा ना. जाडंभरडं कापड. आता कोणी विणत नाही ते.”

“नाही विणत,” ती म्हणाली. “कोशात काय लिहिलंय तेवढं वाचता?”

बाईंनी मागच्या फळीवरून पहिल्या आवृत्तीचा खंड काढला, पान उघडलं आणि ठसक्यात वाचायला सुरुवात केली. “काणपाट. जाडेभरडे, खरखरीत सुती कापड. गठ्ठे बांधण्यास व गाद्यांच्या अस्तरास वापरतात. व्युत्पत्ती, काणा अधिक पाट. विणकर आळीतील एक काणा विणकर...”

“विरळ विणीवर भरमसाट खळ चढवून ते दाट म्हणून खपवीत असे, त्यावरून,” समोरच्या बाईने पुढचं पाठ म्हणून दाखवलं. “आळीतील एका जाणत्या विणकराने सांगितल्यावरून. एवढंच आहे ना?”

“अगदी अक्षरन् अक्षर!” बाई खूश झाल्या. कोश पाठ असलेला वाचक म्हणजे त्यांना पंचपक्वान्न. “मग अडचण काय?”

“अडचण काही नाही. मला फक्त त्या जाणत्या विणकराचं नाव हवंय.”

“नाव?”

“हो. तो काणा विणकर म्हणजे माझे बाबा. गेल्या महिन्यात गेले. जाईपर्यंत एकच विचारत होते, हे कोणी सांगितलं असेल? मी म्हटलं, आता विचारूनच येऊ. मला भांडायचं नाही बाई, शपथ. नाव कळलं की मी जाते.”

बाई जरा चपापल्या, पण डगमगल्या नाहीत. कचेरीवर विश्वासच तेवढा होता. आमच्याकडे हवेतलं काही नसतं, त्यांनी समजावलं. प्रत्येक शब्दामागे एक चिठ्ठी असते, चिठ्ठीवर चार चौकोन असतात, शब्द, अर्थ, व्युत्पत्ती आणि सांगणारा. सांगणाऱ्याचं नाव छापत नाहीत, पण चिठ्ठीवर ते असतंच. “चला, तुमच्या डोळ्यांदेखत काढते. ज्याने सांगितलं त्याने कशावरून सांगितलं, तेही बघू. चूक असेल तर नव्या आवृत्तीत सुधारू. आजच छापायला जातेय, अगदी वेळेवर आलात.”

आता याला हात दाखवून अवलक्षण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बाई स्वतः पुढे होऊन तिला चिठ्ठ्यांच्या खोलीत घेऊन गेल्या.

लांबट खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणाला पितळी कडी. बाईंनी ‘का’चा खण ओढला, सराईत बोटांनी चिठ्ठ्या मागे सारल्या, काठी, काडी, काढा, आणि एक चिठ्ठी वर उचलली.

हिरवी शाई.

कचेरीत सगळं लिखाण काळ्या शाईत. तेव्हाच्या मुख्य, थोरल्या संपादकांचा तसा दंडकच होता. हिरव्या शाईचं पेन बाईंच्या एका मैत्रिणीचं होतं. ते त्यांनी आयुष्यात एकदाच, एका संध्याकाळी वापरलं होतं. आणि अक्षर? अक्षर त्यांचंच. गोल, टपोरं, चोविसाव्या वर्षीचं, आपल्यावर बेहद्द खूश असलेलं. ‘सांगणारा’ या चौकोनात लिहिलं होतं, ‘आळीतील एक जाणता विणकर’. नाव नाही. घर नाही. तारीखसुद्धा नाही.

अरे देवा, त्या मनात म्हणाल्या. सिनेमा.

अडतीस वर्षांपूर्वी थोरल्या संपादकांनी त्यांना तीन दिवस विणकर आळीत पाठवलं होतं, मागाचे शब्द गोळा करायला. पहिले दोन दिवस त्यांनी मन लावून काम केलं. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने सिनेमाची तिकिटं काढली. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार होतं? सिनेमा बघून दोघी उपाहारगृहात बसल्या, आणि अकरा चिठ्ठ्यांचे राहिलेले चौकोन यांनी बसल्या बैठकीला भरून टाकले. रिकामा चौकोन दिसला की थोरले संपादक चिठ्ठी परत तोंडावर मारायचे. “कोशातला रिकामा चौकोन म्हणजे पडलेला दात,” ते म्हणायचे. पोरीने कवळी बसवून दिली. थोरल्यांनी कौतुकच केलं, “काणपाटाची व्युत्पत्ती फार रंगतदार मिळवलीत हो.” आणि पुढच्या अडतीस वर्षांत बाई ते साफ विसरूनही गेल्या.

“सापडली?” मागून आवाज आला.

“थांबा,” बाई कशाबशा म्हणाल्या. “शाई... पुसट झालीय. तुम्ही बसा. तुमच्या बाबांचं काय ते सांगा तरी.” वेळ काढायचा होता, दुसरं काय.

ती लाकडी शिडीच्या पायरीवर बसली आणि सरळ सांगू लागली. सांगण्यात रडारड नव्हती. तीच मोठी पंचाईत होती.

“बाबा आणि काका एकाच खोलीत विणायचे. समोरासमोर माग. एकदा काकांच्या मागावरून धोटा निसटला. सुताची कांडी असते ना आत, दोन्ही टोकांना लोखंड, तो धोटा. तो थेट बाबांच्या डाव्या डोळ्यात. डोळा गेला, दुसराही हळूहळू अधू झाला. मग आळीने बाबांना काणपाटावर बसवलं.”

“बसवलं म्हणजे?”

“म्हणजे तसा रिवाजच होता आमचा. काणपाटाचं सूत जाड, वीण मोठी. बोटांनी चाचपून विणता येतं. म्हणून ज्याची नजर गेली, त्यानेच काणपाट विणायचं. डोळे शाबूत असलेल्याने त्याला हात लावायचा नाही, कितीही मागणी येऊ दे. दुसऱ्याच्या ताटातला घास तो. नाव त्याच्यावरूनच पडलं. बाबांच्याही आधीपासूनचं, त्यांच्या आजोबांच्या आधीपासूनचं.”

कोशबाईंनी चिठ्ठी नकळत पदराआड धरली. किती सोपं होतं! कोणीही सांगितलं असतं. आळीतल्या शेंबड्या पोरानेही.

“मी चौथीत होते तेव्हा शाळेत हा कोश आला,” ती पुढे म्हणाली. “मास्तरांनी हौसेने सांगितलं, बघा, आपल्या आळीचा शब्द छापून आलाय! आणि मोठ्याने वाचलं. वर्गातली सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. काणा विणकर आळीत एकच होता ना. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. मग घेणारे लोक कापडाचा कोपरा पाण्यात बुडवून चोळून बघायला लागले, खळ किती सुटते ते. बाबांच्या समोर. कधी काही निघालं नाही, पण चोळायचे. लुच्च्याचं कापड म्हणून नाव झालं. आणखी तीन म्हातारे होते काणपाटावर, तेही लाजेने उठले. वर्षभरात काणपाट बंद. डोळे गेलेल्यांना आळीत कामच उरलं नाही.”

“तुमच्या बाबांनी इथे येऊन का नाही सांगितलं?”

“छापलेल्याशी कोण भांडणार, बाई? त्यांना वाचताही येत नव्हतं. आणि त्यांचा राग तुमच्यावर नव्हताच मुळी. ते म्हणायचे, कोशवाल्यांची एक पोरगी आली होती, फार गुणाची. माझ्या शेजारी पाटावर बसली, सगळं विचारून घेतलं. काणपाट नाव कसं पडलं विचारत होती, पण दिवस कलला होता. मी म्हटलं, उद्या ये, निवांत सांगतो. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पाट पुसून ठेवला. दिवसभर वाट बघितली. ती आलीच नाही. वाटेत तिला कोणीतरी गाठलं आणि भलतंच भरवलं. पोरगी फसली बिचारी.”

कोशबाईंनी खणाच्या कडीला घट्ट धरलं. आता त्यांना तो माणूस दिसला. खरोखर दिसला. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, ओंजळीत धरल्यासारखा धरलेला धोटा. आणि समोरच्या मागावरचा तरुण भाऊ मोठ्याने हसत म्हणाला होता, ‘आमच्या दादाचं काय विचारता! एका डोळ्याने विणतो आणि दुसऱ्या डोळ्याने खळ चढवतो!’ त्यावर दादाही खो खो हसला होता. बाईंनीच तर ते वहीत टिपून घेतलं होतं. त्या थट्टेचीच त्यांनी उपाहारगृहात बसून व्युत्पत्ती केली होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

“बाबांचा संशय काकांवर होता,” ती म्हणाली. “खळीवरून काका त्यांना रोज चिडवायचे. कोशात तेच छापून आलेलं ऐकलं आणि बाबा म्हणाले, हे त्याच्याशिवाय कोणाचं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोन घरं सोडून राहतात काका. बाबांनी त्यांना कधी कारणसुद्धा सांगितलं नाही. काकाही विचारायला आले नाहीत. त्यामुळे मला वाटायला लागलं, चोराच्या मनात चांदणं. बाबा गेले तेव्हा काका आपल्या दारात उभे होते. मीच आमचं दार लावून घेतलं.”

ती उठली. “सांगा आता. काकाच ना? काय असेल ते असू दे, मला ऐकायचंय.”

काय सोपं होतं बघा! नुसती मान हलवायची. खोटंही ठरलं नसतं फारसं, शब्द काकांचेच होते. किंवा म्हणायचं, चिठ्ठीवर नाव नाही, जुनी गोष्ट, सांगणारा कधीच गेला असेल. ती गेली असती, संध्याकाळी पानं गेली असती, आणि बाईंची अडतीस वर्षं जिथल्या तिथे राहिली असती. जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं. शब्दांची कमी बाईंना कधी पडली होती?

“असेल कोणीतरी...” त्यांनी सुरुवात केली. “आता इतक्या वर्षांनी...”

“म्हणजे काकाच,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. “तुम्ही भिडेपोटी सांगत नाही. बाबांचं खरं होतं तर.”

“नाही हो! नाही!” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडे प्रुफमामांच्या हातातून कप निसटल्याचा आवाज आला. त्यांनी पदराआडची चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. “कोणी नव्हतं. कोणीच काही सांगितलं नाही. जाणता विणकर नव्हताच. हे माझं अक्षर आहे. ती पोरगी मी आहे.”

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग बाईंच्या तोंडाकडे.

“तुम्हाला कोणी गाठलं नाही?” तिने अगदी हळू विचारलं.

“नाही.”

“मग आला का नाहीत?”

“सिनेमाला गेले होते.”

ती पायरीवर बसली. तिला राग यायला हवा होता, ओरडायला हवं होतं. बाई त्याची वाट बघत उभ्या होत्या. पण ती नुसती त्या हिरव्या शाईवरून बोट फिरवत होती.

“कुठला सिनेमा?” तिने विचारलं.

कोशबाईंनी आठवून बघितलं. खरंच खूप आठवून बघितलं. नट नाही, गाणं नाही, गोष्ट नाही. काही म्हणता काही नाही.

“आठवत नाही,” त्या म्हणाल्या, आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. “चला,” ती म्हणाली. “काकांना तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून ते नाही निघायचं.”

बाहेर पडताना बाई प्रुफमामांच्या टेबलापाशी थांबल्या. “छापखान्याला कळवा, पानं येणार नाहीत. आणि सगळ्या खणांमधून हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा.”

“किती असतील?” प्रुफमामांनी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी पानं अडवली होती. त्यांचा चष्मा कपाळावरून आपसूक नाकावर आला.

“आणखी दहा.” बाई जरा थांबल्या. “मला आठवतंय त्याप्रमाणे दहा.”

विणकर आळी आता ओळखू येत नव्हती. निम्म्या घरांत माग नव्हते, दुकानं झाली होती. काका दाराशी बाकावर बसले होते. सत्तरी उलटलेली, मान ताठ, डोळे मात्र दुधाळ आणि भलतीकडेच लागलेले. पावलं ओळखून त्यांनी मान वळवली.

“पोरी? तू?” ते धडपडत उठले. “माझ्या दारात?”

“काका, या बाई तुम्हाला काहीतरी सांगायला आल्यात.”

बाईंनी सांगितलं. शब्द शोधत, अडखळत सांगितलं. आज त्यांच्या तोंडात शब्द घालायला कोणी नव्हतं. पाट, थट्टा, सिनेमा, हिरवी शाई, सगळं. दादांनी बोलणं का टाकलं, तेही. शेजारच्या दुकानातली दोन माणसं बाहेर येऊन ऐकत उभी राहिली तरी त्या थांबल्या नाहीत.

काका ऐकत होते.

“मी म्हणायचो तसं,” ते म्हणाले. “रोज म्हणायचो. त्याला हसू यायचं त्याचं. पुस्तकात ते मीच सांगितलं असं त्याला वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.” मग त्यांनी पुतणीच्या दिशेने हात पुढे केला. “म्हणजे... डोळ्यासाठी नव्हतं?”

“काय डोळ्यासाठी, काका?”

“धोटा माझा होता ना गं. मला वाटलं, आधी माया होती म्हणून काही बोलून दाखवलं नाही, पण शेवटी आतलं बाहेर आलं. एवढी वर्षं मी म्हणत होतो, बरोबर आहे त्याचं. भावाचा डोळा घेतलाय, भोगलंच पाहिजे. म्हणून विचारायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? त्याच्या मनात डोळ्याचं नव्हतंच?”

“कधीच नव्हतं, काका. धोट्याचं नावसुद्धा नाही काढलं कधी त्यांनी.”

काका बाकावर बसले आणि पाठ भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागले. दुकानातली माणसं आत निघून गेली. कोशबाई हात जोडून उभ्या होत्या, पण ते त्यांना दिसणार नव्हते आणि दिसले असते तरी काय उपयोग होता?

थोड्या वेळाने काकांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “बाई आहेत का अजून?”

“आहे,” कोशबाई म्हणाल्या.

“नव्या पुस्तकात खरं लिहाल?”

“लिहीन. तुम्ही सांगितल्यावरून, असं लिहीन.”

“माझं नाव नको,” ते म्हणाले. “तो पाट पुसून तुमची वाट बघत बसला होता. सांगणारा म्हणून त्याचं लिहा.”

मग त्यांनी पुतणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ने मला त्याच्या घरी.” दोनच घरांचं अंतर, पण प्रत्येक पावलाला ते थबकत होते. तिने कुलूप काढलं, दार ढकललं. आतल्या कोपऱ्यात माग अजून तसाच होता. काका उंबऱ्याबाहेर थांबले आणि त्यांनी पाय वर उचलून तसाच अधांतरी धरला.

“उंबरा किती उंच आहे गं?” त्यांनी विचारलं. “विसरलोय मी.”

तिने खाली वाकून त्यांचं पाऊल हाताने धरलं आणि आत ठेवलं. कोशबाई मागे रस्त्यावरच राहिल्या. त्यांना कोणी आत बोलावलं नाही, आणि त्यांनीही पाय पुढे टाकला नाही.